नांदतं घर

मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिसऱ्या मजल्यावर पाणी वाहू देते.
आधी ओट्याचा नळ, मग न्हाणीतला,
मग संडासाची साखळी, दोनदा.
सगळे दिवे लावते, लाकडी सज्जातलासुद्धा,
आणि स्टुलावर बसून पाऊण तास विणत राहते.
पहिल्याच दिवशी मिस शिक्लुना म्हणाल्या होत्या,
"चेंसा, धूळ राहिली तर राहू दे. मीटर फिरला पाहिजे."

दारावर पितळी पाटी: दु प्रीझ.
ती मी लिंबाने घासते. माणूस पाहिलेला नाही.
करारावर त्याची सही आहे,
बंदराकडे तोंड करून त्याचा पलंग आहे,
गादीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

मिस शिक्लुना समजावतात:
त्याचा पैसा बाहेरचा. बाहेरच राहिला
तर इथे त्याला कुणी हात लावत नाही.
माझा पैसा बाहेर जातो तो कोपऱ्यावरच्या पाववाल्यापर्यंत.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं जिन्यात शेजारी कुजबुजतात.
मुरत नाही हो. सरळ मोरीतून समुद्रात जातं.
समुद्राचंच ते, यंत्रात घालून गोडं केलेलं,
बिल होण्यापुरतं गोडं.

फेब्रुवारीत आमची चाळीस वर्षांची भाड्याची जागा विकली गेली.
मालकाची मुलगी रडली. विकलीच.
मी आता मोस्ताला भावाकडे,
दोन खोल्या, सहा माणसं, न्हाणीसाठी रांग.
तेव्हापासून शुक्रवारी धुणं घेऊन येते.
भाचा नाझ्झू येतो, तासभर अंघोळ करतो,
फुटबॉलच्या मैदानात असल्यासारखा ओरडतो.
मी रस्सा शिजवते. काचांवर वाफ धरते.
मीटर आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलू लागला.
मिस शिक्लुना खूष:
"या तिमाहीचे आकडे कसे अगदी नांदत्या घराचे!"

डिसेंबरची तीस तारीख. रात्रीचे दहा.
कुलपात किल्ली फिरली.
माझे केस ओले, डोक्याला टॉवेल.
दारात एक थकलेला माणूस, छोटी बॅग.
त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं,
आणि स्वतःच्या किल्लीने उघडलेल्या दाराची
बेल वाजवली.
"माफ करा. दु प्रीझ यांचं घर हेच ना?"
"हेच," मी म्हटलं. "या, आत या."

नाझ्झूचे सदरे वाळत होते, त्यांच्याखाली तो बसला.
खिशातून डायरी काढली. पानभर रेघा, पाच-पाचचे जुडगे.
एका देशात एकशे ब्याऐंशी रात्री झाल्या होत्या,
आणखी एक झाली असती तर तो तिथलाच ठरला असता.
म्हणून मिळेल त्या विमानात बसला.
"कुठलाच ठरायचं नाही," म्हणाला, "एवढंच सांभाळायचं असतं.
बायको म्हणायची, सोपं आहे."
म्हणायची, असं म्हणाला. मी विचारलं नाही.

रस्सा वाढला. दोनदा घेतला.
मी गादीवरचं प्लास्टिक फाडलं,
त्याचा आवाज रिकाम्या घरात फार मोठा झाला.

खिडकीतून त्याने चर्चचे दोन मनोरे पाहिले.
दोन घड्याळं, दोन वेळा.
"यातलं खरं कुठलं?"
मी सांगितलं: उजवीकडचं. डावीकडचं नुसतं रंगवलेलं,
सैतानाने यायची वेळ चुकवावी म्हणून.
मला वाटलं हसेल.
तो डावीकडच्या घड्याळाकडेच बघत राहिला.

शेवटची बस होती. मी ओल्या केसांवर रुमाल बांधला,
सदरे अर्धवट ओलेच पिशवीत कोंबले.
जिन्यात उतरल्यावर आठवलं, परत वर गेले.
या वेळी बेल मी वाजवली.
"गरम पाण्याची तोटी," मी म्हटलं,
"उलटी फिरते."